पोत्यातलं गरम गवत

आमची घोडी चण्याने मेली नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि वडिलांच्या शेवटच्या आजारात रोज त्यांच्या उशाशी बसायचो, तेव्हा त्यांनाही नाही.

सुकापूरला घरामागे आमचा छोटा तबेला होता. शेतं गेली, तिथे बिल्डिंगी आल्या, पण वडिलांची घोड्याची हौस गेली नाही. एकच घोडी, पांढरी, लग्नाच्या वरातीला जायची. तिला सांभाळायला चाचा होते, पनवेलच्या मोहल्ल्यातले, वडिलांहून चार-पाच वर्षांनी मोठे. त्यांचं सगळं ठरलेलं. आधी सुकं गवत, पोटभर. मग रात्रभर भिजवलेले चणे, तेही मुठीने मोजून. मधूनमधून शिजवलेलं जवस. चाटायला मिठाचा खडा. आणि रोज सकाळी ते घोडीच्या कुशीला कान लावून उभे राहायचे.

"काय चाचा, रेडिओ लावलाय?" मी एकदा विचारलं.

"रेडिओच आहे, छोटे शेठ. आत गुरगुर चालू असली की खैरियत. रेडिओ बंद पडला की डॉक्टरला फोन."

तेव्हा मी खारघरच्या सोसायट्यांची लॉन कापायची कामं घ्यायचो. दुपारी मोकळा वेळ असायचा, मोबाईलवर व्हिडिओ बघायचो. घोड्याचा नैसर्गिक आहार वगैरे. घोडा हिरव्यावर जगणारा प्राणी, त्याला हिरवंच द्या. मला ते फार पटलं; लॉनचं कापलेलं गवत तर माझ्या टेम्पोत पोत्यांनी पडलेलं असायचं. वडिलांसमोरच मी चाचांना म्हणालो, "जंगलात घोड्याला चणे कोण भिजवून देतं?"

"जंगलात तो बँडपुढे नाचत पण नाही," चाचा म्हणाले. "आणि तिथे तो उभं गवत खातो, चालता चालता, एकेक घास. तुमचं मशीनने बारीक केलेलं, पोत्यात दाबलेलं. ते आतून तापतं, पोटात जाऊन फुगतं. ते तिला घालू नका."

वडील खो खो हसले. "शिक काय तरी त्यांच्याकडनं! व्हिडिओवाला आलाय मोठा."

एवढंच झालं होतं. पण ते हसणं मला लागलं.

पुढच्या शुक्रवारी चाचा नमाजला गेले असताना मी टेम्पोतून एक पोतं उतरवलं. सकाळपासून ते उन्हात होतं. आत हात घातला तर गवत गरम, तव्यावरून नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखं. वासही आंबूस. मला चाचांचं बोलणं आठवलं. आठवलं, आणि तरी मी पोतं तिच्यापुढे रिकामं केलं. ती अधाशासारखी खात होती. मी फोटो काढला, चाचांना दाखवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी पाय आपटत होती. मान वळवून सारखी स्वतःच्या पोटाकडे बघायची, मग खाली बसून लोळायची. चाचांनी तिला कशीबशी उभी केली, कुशीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"काहीच नाही," ते म्हणाले.

डॉक्टर आले. नाकातून नळी घालताना त्यांनी विचारलं, "नवीन काही खाल्लंय का हिने?"

"नाही साहेब, नेहमीचंच," चाचा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

खरं सांगितलं असतं तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. दुपारी ती गेली.

वडील तिच्या शेजारी जमिनीवरच बसले होते. "चाचा, चणं भिजलं नसतील बराबर," ते म्हणाले. "तुमचं वय झालं. आमीच चुकलो, सगला भार तुमच्यावर टाकला."

चाचांनी भांडायला हवं होतं. ते भांडले असते तर मी बोललो असतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "असेल," म्हणाले. "नजर कमी झालीय."

ते घरी गेल्यावर मी तबेला साफ केला. बादलीत थोडे चणे उरले होते. एक चिमटीत दाबला. लोण्यासारखा पिचला. दुसरा दाबला, तोही. मग बादली आणि ते पोतं, दोन्ही मी नाल्यात टाकलं.

चाचा आता पुतण्याच्या पंक्चरच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. मध्यंतरी मी तिथे असतानाच कर्नाळ्याकडच्या एका फार्महाऊसचा माणूस आला, दोन घोड्यांची देखभाल कराल का विचारायला. चाचांनी हात जोडले.

"माझ्या हातून एक जनावर गेलंय. आता मी कुणाला चारा घालत नाही."

तो माणूस गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा घेणार ना, छोटे शेठ?"

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

वडील आता नाहीत. तबेल्याच्या जागी पार्किंग आहे. चाचा आहेत. चणे नीट भिजले होते आणि पोतं माझं होतं, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी त्यांना लागतो. अजून सांगितलेलं नाही.