डिकीतला गाळ

काल गाडीतलं ओलं पायपुसणं उन्हात टाकताना तो कुबट वास आला आणि मला लातूरचा जुन्या गाड्यांचा बाजार आठवला.

तेव्हा मी नववीत होते. पप्पांच्या ऐपतीत दोनच छोट्या पेट्रोल गाड्या बसत होत्या, एक चकचकीत पांढरी आणि एक ओरखडे पडलेली लाल. पप्पा पांढरीचा इसार द्यायला निघाले. मला तिच्या डिकीत तसाच कुबट वास आला होता आणि स्टेपनीखाली वाळलेला गाळ दिसला होता. परक्यांपुढे माझं तोंड उघडत नसे, तरी पुटपुटले, "पप्पा, ही पुराच्या पाण्यात बुडालेली आहे."

दलाल हसला. "इंग्लिश शाळेत गाड्याबी शिकवायलेत का, ताई?"

"आमची पोरगी उगं बोलत न्हाई," म्हणत पप्पा लाल गाडीकडे वळले.

नांदेडला घरी पोचेपर्यंत मी गाळ शोधल्याच्या तोऱ्यात होते. पप्पांनी पांढरीची डिकी उघडून बघितलीच नव्हती, हे मात्र काल लक्षात आलं.