सुनेचं बाळंतपण आणि माझं तोंड

गेली कित्येक वर्षं हा विषय निघाला की मी उठून बाहेर जातो. कधी मोटर बंद करायची असते, कधी भाडेकरूंच्या टाकीत डोकवायचं असतं. आता गुडघे उठू देत नाहीत, तेव्हा लिहून टाकतो.

आम्ही मारुंजीचे. गोठा मोडून तिथं खोल्या बांधल्या, कंपनीतली पोरं भाड्यानं राहायला आली आणि आम्ही स्वतःला मोठे समजू लागलो. मोठेपणा कसला, तर सकाळी टाकी भरायची आणि गाडी कुणी कुठं लावली यावरून भांडायचं.

सुनेला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याच घरी ठरलं. पोटुशी असताना ती एकदा अंगणवाडीत गरोदर बायकांना आहार समजावून सांगतात तिथं जाऊन आली. आल्यावर सासूला सांगू लागली, "आई, दोन जीवांची म्हणून दुप्पट खायचं नसतं म्हणे. डाळ, पालेभाजी, अंडं रोज हवं. तूप-साखर बेतानं. आणि नंतर हळूहळू चालायचंही."

"तितं कोण कोण व्हतं?" मी विचारलं.

"वाडीवरच्या बायका होत्या, आबा. भाड्यानं राहणाऱ्या दोघी होत्या."

"मग झालं. घरात खायला न्हाई म्हणून सून तितं जाऊन बसती, म्हणत्याल लोकं. परत जायचं न्हाई."

ती गेली नाही. तिनं काय सांगितलं ते मी ऐकलंच नव्हतं. ती कुणाशेजारी बसली, एवढंच ऐकलं होतं.

मुलगी झाली आणि भावकीतून डबे सुरू झाले. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू. आमच्यात बाळंतिणीला आलेला डबा परत पाठवत नाहीत, आणि पाठवणारी तो रिकामा झाल्याशिवाय गप्प बसत नाही. सून म्हणायची, "आई, आता जात नाही." बायको म्हणायची, "खा गं. आई न्हाई म्हणून आमी कमी केलं, असं व्हायला नको." सव्वा महिना तिला खाटेवरून फारसं उतरू दिलं नाही. तूप किती संपलं हे मी चावडीवर सांगत होतो, जणू मीच बाळंत झालो होतो.

बारसं सव्वा महिन्यानं केलं. तिला ब्लाउज होईना, म्हणून खांद्यावरून शाल घेऊन बसली. एक पाहुणा म्हणाला, "सूनबाई चांगली भरली की."

मी म्हणालो, "गोठा मोडला, पर म्हस ऱ्हायली की घरात."

सगळा मांडव हसला. ज्यांनी डबे पाठवले होते त्या बायका पदर तोंडाला लावून सगळ्यात जास्त हसल्या. पाळण्याची दोरी हातात धरून तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती ताटात भाकरी घ्यायची आणि मोडून मोडून कुत्र्याला टाकायची. मला ते दिसत होतं. सुनेनं मनावर घेतलं, बरं झालं, असंच मला वाटलं. इतका मी शहाणा. मग दूध कमी पडलं, पोर रडू लागली. त्याच बायका पुन्हा आल्या, "एवढी अंगानं हाय, मग दूध कसं न्हाई?" त्यांना तोंडं होती, मला तर होतंच.

एका दुपारी ती दुपट्यांची बादली घेऊन जिन्यात कोसळली. हिंजवडीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अंगात रक्त उरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "पाजणारी बाई उपाशी का राहते? घरात कुणी काही बोललं का?"

"नाही. मलाच भूक नव्हती," ती म्हणाली.

मी तिथंच उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

पुढं मुलगा आणि ती हिंजवडीला फ्लॅटमध्ये गेली. ऑफिस जवळ पडतं म्हणे. आमच्या अंगणातून ऑफिसच्या इमारती दिसतात, तरी आम्ही सगळ्यांनी ते कारण मान डोलवून मानलं.

ती माझ्यासमोर आजही जेवत नाही. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा तिनं मला ताट वाढलं. मी म्हणालो, "तूबी बस की."

"तुम्ही घ्या आबा, मी मागून जेवते."

ती ओट्याकडे वळली. घरात दुसरं कुणी नव्हतं, टीव्हीसुद्धा बंद होता. येताना रिक्षात वाक्य जुळवून आणलं होतं: पोरी, बारशात मी बोललो ते नीच होतं. तुझं काही चुकलं न्हवतं, चुकलं माझं. ये, माझ्यासंगं जेव.

मी तिच्याकडे मीठ मागितलं.