मोंढ्यात बरोबर असलं तरी कापतेत

कोर्टाच्या कँटीनला आम्ही क्लासमधले तिघं-चौघं जमलो की केसेस बाजूला राहतात आणि लातूरचे दिवस निघतात. एकाचं सांगून होईस्तोवर दुसऱ्याला तिसरंच आठवतं. लॉची सीईटी तेव्हा पहिल्यांदाच होणार होती. शहराला पाणी रेल्वेनं यायचं आणि आम्ही वाघमारे मॅडमच्या हॉलमध्ये बसून पेपर कसा असतो ते समजून घ्यायचो.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "दीडशे प्रश्न, दोन तास. उत्तर चुकलं तर मार्क कापत नाहीत."

मागं गंगाधर पाटील बसला होता. जळकोटकडचा, घरची शेती, चाळिशीला टेकलेला. त्यानं विचारलं, "चुकलं तरी कापत न्हाईत?"

"नाही."

"लई चांगलं हाय मग. आमच्या मोंढ्यात मालाचं वजन बरोबर असलं तरी कापतेत."

रेखा कांबळे हिमायतनगरची. वडील शाळेत शिपाई. ही लातूरला मावशीकडं राहायची. सराव पेपरात तिनं बरेच प्रश्न कोरे सोडले. मॅडमनी कारण विचारलं.

"येत नाही ते कसं लिहू? खोटंच की ते."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कोर्टात गप्प बसलीस की समोरचा जिंकतो. तिथं काय सांगणार, मला येत नव्हतं?"

त्यानंतर रेखानं एकही प्रश्न सोडला नाही.

एकदा पेपर चालू असतानाच गल्लीत टँकर आला. मावशीचं घर शेजारीच, म्हणून रेखा घागर घेऊन पळाली आणि रांगेत लागली. मॅडम खिडकीतून तिच्यावर ओरडल्या, "डावीकडून सातवी, उजवीकडून बारावी. रांगेत एकूण किती?"

"अठरा, मॅडम. पण पाणी दहा जणींनाच पुरंल."

सामान्य ज्ञानात प्रश्न होता, राज्यात जिल्हे किती. गंगाधरनं छत्तीस सोडून सदतीसला खूण केली. उदगीर नवा जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, अशी तेव्हा बोलवा होती. मॅडमनी त्याला चूक दिली.

तो उभा राहिला. "मॅडम, चूक देऊ नका. पुढची तारीख द्या."

वकील व्हायच्या आधीच तो वकील झाला होता.

निकाल लागला. नांदेडच्या कॉलेजात प्रवेशाची यादी लावली होती. रेखाचं आणि गंगाधरचं नाव लागोपाठ होतं, मार्कही सारखेच. सारखे मार्क आले तर आधी कायद्याच्या भागातले मार्क बघतात. त्यात ती पुढं होती, म्हणून तिचं नाव वर.

गंगाधरसोबत त्याचा चुलतभाऊ आला होता. तो यादी बघून म्हणाला, "ती वर कशी? राखीवमधून गेली असंल."

रेखा माझ्या बाजूलाच उभी होती. तिनं ऐकलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

गंगाधरनं भावाची मान यादीच्या मथळ्याकडं वळवली. "वाच. ओपनची यादी हाय."

मग तो रेखाजवळ आला, तिची फाईल काखेत घेतली आणि म्हणाला, "चल, उशीर करू नको." प्रवेशाच्या खिडकीशी त्यानं तिचे कागद आधी सरकवले, स्वतःचे त्याखाली ठेवले. क्लार्कनं चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. आडनावं वाचली.

"तुम्ही हिचे कोण?"

"मी?" गंगाधर म्हणाला. "मी हिच्या खालचा."