कमलताईंचा खालचा जबडा

भरचौकात घोषणा देता देता कवळी तोंडातून निसटून रस्त्यावर पडली, तर पुढची घोषणा द्यायची हिंमत आहे तुमच्यात?

कमलताई निकमांना ती झाली नाही. त्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याला मध्य प्रदेशात देवासच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आल्या आणि पाण्यासाठी भांडता भांडता देवासच्याच झाल्या. टँकर आला नाही की बायका आधी ताईंचं दार ठोठावायच्या. आवाज असा, की माईकची गरजच नाही. पण हिरड्या बिघडल्या, सगळे दात काढावे लागले. वरची कवळी टाळूला धरून बसायची. खालची मात्र झिजलेल्या हाडावर ओल्या साबणासारखी सरकायची. २००५च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीपुढच्या मोर्चात "पानी दो" म्हणताना ती उडालीच. पाणीखात्याचा साहेब फिदीफिदी हसला, "अम्मा, पहले दाँत सम्हालो!"

ताईंनी कवळी उचलून पदरात घेतली आणि खाली मान घालून घरी आल्या. ताईंची मान खाली! गल्लीने ते पहिल्यांदा पाहिलं.

शेजारच्या यमुनाबाईंनी उपाय काढला. लाडवाचा डिंक भिजवून कवळीला लावायचा. लावला. डिंक फुगला, कवळी वर तरंगली आणि पहिल्याच घासाला डिंक पोटात. ताई कडाडल्या, "यमुने, मी बाळंतीण नाही गं, बोळकी झालेय!"

त्यात भर म्हणून गल्लीतला पोरगेला पुढारी योगेंद्र म्हणाला, "ताई, आप तो बस बैठो. आता नारे मी देतो ना."

बैठो? हे मात्र लागलं. दुसऱ्याच दिवशी ताई इंदूरला दातांच्या डॉक्टर मेधांकडे हजर.

डॉक्टरांनी साखर तपासली, जबड्याचा एक्स-रे काढला. म्हणाल्या, "खाली पुढच्या बाजूला हाडात दोन स्क्रू बसवू. हाडाने ते घट्ट धरले, की वर गोल बटणं. कवळी त्यांच्यावर दाबून बसवायची. रोज रात्री काढून घासायची."

"काढायचीच, तर एवढा खटाटोप कशाला?"

"कारण तुम्ही काढाल तेव्हाच ती निघेल. ओरडलात म्हणून नाही."

ताईंनी लगेच आ वासला.

हाड स्क्रूंना धरेपर्यंत काही महिने थांबायचं होतं. तेवढे दिवस ताई मऊ वरण-भातावर राहिल्या, आणि रागावर. मग एके सकाळी डॉक्टरांनी कवळी दाबली. टक्! ताईंनी जिभेने ढकलून पाहिलं. हलेना. तिथेच खुर्चीत बसून त्यांनी आरोळी ठोकली, "पानी दो!" कंपाउंडर पेला घेऊन धावत आला.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टाकी, पुन्हा मोर्चा. योगेंद्र माईकवर किरकिरत होता. मागून ताईंचा आवाज उठला, स्वच्छ, एकेक अक्षर ठासून. योगेंद्रने माईक खाली केला आणि शेजारच्या पोराला म्हणाला, "भिया, ताई आ गई!" बायकांनी रस्ता दणाणून सोडला. साहेब बाहेर आला, दुपारच्या आत टँकर लावतो म्हणाला, आणि टँकर आले. ताईंनी तिथेच भाजलेलं कणीस घेतलं आणि साहेबासमोर कराकरा खाल्लं.

तुमच्या घरातही कुणी पोळी दुधात कुस्करून खात असेल, चारचौघांत तोंडावर पदर धरत असेल. "वय झालं" म्हणून त्यांना गप्प बसवू नका. या आठवड्यात त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.