दुसऱ्या डोसाचे आबा

लग्नाच्या मांडवात हातात अक्षता घेऊन उभे असतानाही आबा शेजारच्याला विचारायचे, "दुसरा डोस झाला का?" पाहुणे गोंधळायचे. आमच्या वेल्ह्याकडची माणसं मान खाली घालायची, कारण तो झालेला नसायचाच.

आबा गुरांच्या दवाखान्यात परिचर होते. निवृत्तीनंतर लोक त्यांच्या ओट्यावर खरजेने बेजार झालेले ससे, मांजराची पिल्लं आणून ठेवायचे. आबा त्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे, डॉक्टरांना फोनवर वजन सांगायचे आणि ते सांगतील तेवढंच औषध द्यायचे. कुणी शेळीचं उरलेलं औषध सशाला अंदाजाने टोचून आणलं, तर ते ओरडत नसत. डोळे मिटून म्हणायचे, "किती येळा सांगू?"

माझ्या लेकीच्या सशालाही खरूज झाली. कान पापुद्र्यांनी भरले, खाणं सुटलं. लेकही जेवेना. आबांनी पहिला डोस दिला आणि बजावलं, "किडं मेलं, अंडी न्हाई मेली. पंधरा दिसांनी आणा." आठवड्यात ससा उड्या मारू लागला. भाताची लावणी सुरू झाली आणि पंधरावा दिवस कधी गेला ते मला कळलंच नाही.

सोळाव्या दिवशी आबा स्वतः आले. एसटीने फाट्यापर्यंत, तिथून आमच्या गुंजवणे गावापर्यंत पावसात चालत. मी ओशाळले. फोन करायचा होता, आम्ही आलो असतो, असं मी म्हणाले.

"न्हाई आला असता, बाय. बरं दिसलं की समदी इसरत्यात." मग भिंतीला टेकून हळूच म्हणाले, "म्या बी दमलो आता."

त्यांनी डोस दिला, पिंजऱ्यातलं जुनं गवत लेकीला जाळायला सांगितलं, अर्धा कप चहा घेतला आणि ओल्या कपड्यांनिशी निघाले. मला शेतावर जायची घाई होती. मी त्यांना थांबा म्हणाले नाही, याची आजही लाज वाटते.

दोन दिवसांनी कळलं, आबा तापाने पडलेत. जायचं ठरवलं. तेवढ्यात ताप उतरल्याचा निरोप आला आणि मी पुन्हा चिखलात उतरले. ताप उलटला. पुढच्या आठवड्यात आबा गेले.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आबांच्या पत्नी, काकी, दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मधी का न्हाई आलीस? सशाचं इचारत व्हते."

ताप उतरलाय असं कळलं होतं, एवढंच मी म्हणू शकले.