चार नंबर : पेपर काढणे

मेनू लिहिण्यात मी हुशार होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते त्या हुशारीतूनच झालं.

नव्वद सालाच्या आगेमागे मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर आम्ही पाच जण. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि माउस आम्ही फक्त मासिकातल्या फोटोत बघितलेला. माणसाने कॉम्प्युटरला काय हवं ते सांगायचं ते मेनूतून. चौकटीत चार-पाच ओळी, बाणाच्या बटणाने एक उजळ पट्टी वर-खाली सरकवायची, नाहीतर सरळ ओळीचा नंबर दाबायचा. बाकीच्या चौघांना हे काम फडतूस वाटायचं. मला मात्र त्याचं वेड होतं. शेवटच्या ओळीखाली गेलं की पट्टी आपोआप पहिल्या ओळीवर आली पाहिजे, अधिक-वजाच्या चिन्हांनी आखलेली चौकट चारही कोपऱ्यांत जुळली पाहिजे, एकही अक्षर बाहेर डोकावता कामा नये. रांगोळीतला एक ठिपका हलला तर आई सगळी पुसून पुन्हा काढायची. मी तिचीच मुलगी.

कल्याणला खाडीच्या बाजूला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायचं काम आम्हाला मिळालं. एक टर्मिनल केस पेपरच्या खिडकीवर, दुसरं आत डॉक्टरांपुढे. मी डोंबिवलीत राहायचे, म्हणून कंपनीच्या मालकांनी, आमच्या सरांनी, मलाच तिकडे पाठवलं.

खिडकीवर मावशी बसायच्या. सगळा दवाखाना त्यांना मावशीच म्हणायचा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या, पन्नाशीच्या, सातवी शिकलेल्या. अठरा वर्षं त्या खिडकीवर होत्या. रुग्ण म्हणायचा, "मावशी, पेपर काढायचाय," की त्या नंबरही न विचारता उठायच्या, मागच्या लाकडी खणांतून नेमकं कार्ड उपसायच्या आणि शिपायाच्या हाती आत धाडायच्या. आंबिवलीहून येणारी दम्याची म्हातारी, टिटवाळ्याचा फिट्स येणारा रिक्षावाला, सगळे त्यांना चेहऱ्याने ठाऊक. ती कार्डं कॉम्प्युटरवर चढवली तीही मावशींनीच, एका बोटाने, चार महिने बसून. चढवून झाली तशी जुनी कार्डं गोणी भरभरून रद्दीत गेली.

मेनू मराठीत असावा ही कल्पना माझी. पडद्यावर देवनागरी येत नव्हती, मग रोमन अक्षरांत मराठी लिहिली. एक, नवीन पेपर. दोन, पेपर बघणे. तीन, पेपर बदलणे. चौथी ओळ होती, पेपर काढून टाकणे. एकच नोंद चुकून दोनदा चढली तर एक पुसायची सोय हवी, म्हणून ती ओळ. ती इतर तिन्हींपेक्षा लांब झाली. तिच्यासाठी सगळी चौकट रुंद करावी लागत होती आणि उजवीकडे मोकळी जागा उरून ती बेंगरूळ दिसत होती. मी "टाकणे" उडवलं आणि "काढून"चं "काढणे" केलं. पेपर काढणे. चारही ओळी एका मापात बसल्या. मी खुर्ची मागे सरकवून ते दोन मिनिटं कौतुकाने बघत बसले होते, हे मला लख्ख आठवतं.

मावशींना तीन दिवस शिकवलं. चौथ्या ओळीवर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, हा चार नंबर, पेपर काढायचा. हा मात्र जपून."

त्या हसल्या. "पोरी, अठरा वरसां पेपरूच काढतंय मी. आता तू मना शिकवतस?"

मीही हसले. आम्ही दोघी खूप हसलो.

दवाखान्यात नवा कारभार सुरू झाला आणि मी दुसऱ्या कामाला लागले. बाराव्या दिवशी फोन आला की नोंदी गायब होतायत. सर वैतागले, "जा, बघून ये. ती बाई कायतरी उलटसुलट दाबत असणार."

मी सकाळी जाऊन खिडकीमागे स्टुलावर बसले. समोर एक बाई आली, कडेवर मूल. "मावशी, पेपर काढायचाय."

"जुना हाय ना? नंबर सांग."

बाईने नंबर सांगितला. मावशींनी तो टाकला आणि चार दाबलं. पडद्यावर माझा प्रश्न उमटला, नक्की काढू का, हो की नाही. मावशींनी हो दाबलं. पेपर काढला, असं कॉम्प्युटर म्हणाला. मावशी त्या बाईला म्हणाल्या, "काढला गो. जा आत."

त्या बाईची नोंद माझ्या डोळ्यांदेखत पुसली गेली होती.

त्या आपलं अठरा वर्षांचं कामच करत होत्या. पेपर काढायचा, आत पाठवायचा. कॉम्प्युटर सांगत होता की काढला, म्हणजे तो डॉक्टरांच्या पडद्यावर गेला. आत डॉक्टर नंबर टाकत, नोंद सापडत नसे, ते मशीनच्या नावाने शंख करून कोऱ्या कागदावर औषध लिहून देत. नवीन मशीन आहे, थोडे दिवस असं चालायचंच, असं आतल्यांना वाटत होतं. अकरा दिवसांत जो जो जुना रुग्ण आला त्याची त्याची नोंद मावशींनी अशी काढली होती. शेवटी ती आंबिवलीची म्हातारी धापा टाकत आली, तिला कोणतं इंजेक्शन सोसत नाही हे तिच्या नोंदीत लिहिलेलं होतं, आणि ती नोंदच नाही म्हटल्यावर डॉक्टर उठून बाहेर आले. म्हातारीला स्वतःला ते आठवत होतं म्हणून निभावलं. नोंदींची प्रत फ्लॉपीवर घ्यायचं पुढच्या महिन्यापासून ठरलेलं. म्हणजे परत आणायला काहीच नव्हतं.

"बराबर हाय ना गो?" मावशींनी मला विचारलं.

मी "हो" म्हटलं. मग काहीतरी तपासतेय असं दाखवून त्यांना बाजूला बसवलं आणि चौथी ओळ मेनूतून उडवून टाकली. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत मला तोंड उघडता आलं असतं. मी उघडलं नाही, कारण मी घाबरले होते, आणि घाबरण्याइतकीच मला लाजही वाटत होती. इतक्या देखण्या मेनूत इतकी बावळट चूक माझ्या हातून झाली हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

दुपारी दवाखान्याच्या व्यवस्थापकांच्या खोलीत बोलावणं आलं. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डॉक्टर, बोलणं अगदी शुद्ध आणि तोललेलं. आमचे सर ठाण्याहून येऊन बसले होते. मावशी दाराशी उभ्या, त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

"मला एवढंच सांगा," व्यवस्थापक म्हणाले, "दोष यंत्राचा आहे की माणसाचा?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "प्रोग्रॅम बरोबर चालतोय. चार नंबर दाबून हो म्हटलं, म्हणून नोंदी गेल्या. तो जपून वापरायचा, हे मी शिकवताना सांगितलं होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आजही मला त्याचाच राग येतो. सरळ थाप मारली असती तर निदान ती कधीतरी उघडकीला आली असती.

व्यवस्थापकांनी मावशींना विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं का?"

"सांगितला व्हता," मावशी म्हणाल्या. "जपून, बोल्ली व्हती ती." त्या माझ्याकडे बघत होत्या, चिडून नाही, आठवून बघत असल्यासारख्या. आपण काय ऐकलं आणि काय केलं याचा त्या मेळ घालत होत्या आणि तो बसत नव्हता.

ते सगळं मी लिहून दिलं आणि खाली सही केली. मावशींना खिडकीवरून काढून कपडेकोठीत टाकलं, चादरींच्या घड्या करायला. पगार तोच राहिला. व्यवस्थापकांनी फार समजूतदारपणे घेतलं, असं सर परतताना म्हणाले.

त्यानंतर दीड वर्ष मी मेनू लिहिले, चांगले लिहिले. कल्याणचं काम निघालं की दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं म्हणून सरांच्या मागे लागायचे. शेवटी एकदा मलाच जावं लागलं. काम उरकल्यावर मी कपडेकोठीच्या दारात जाऊन उभी राहिले. मावशी एका चादरीची घडी करत होत्या. केली, उलगडली, पुन्हा केली. मग भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढली आणि ती रेघ ओढली की नाही हे परत जाऊन पाहिलं.

मी सगळं सांगितलं. टाकणे हा शब्द मी उडवला, चौकटीसाठी. चूक माझी. तुम्ही बरोबर काम करत होतात.

त्यांनी घडी केलेली चादर बाजूला ठेवली. मला वाटलं शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

"मना वाटला माजा डोका गेला," त्या म्हणाल्या. "माजे आयशीचा असाच झालेला. आंदी सांगितलेला इसरायची, मंग मानसां इसरली." मग म्हणाल्या, "घरात मना आता इस्तवाकडं जाव देत नाय. नातवाला घेव देत नाय. मीच सांगितला सुनेला, माज्याकडं देव नको, मी कवा काय करीन, भरवसा नाय."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता व्यवस्थापकांकडे जाते.

"त्याला सांगून काय करतस? माजे घरी ये. तिथं सांग."

त्या रविवारी मी कोळीवाड्यात गेले. मावशींनी नवं लुगडं नेसलं होतं. मुलगा घरीच होता, एका कारखान्यात फिटर, आणि सून दाराला टेकून उभी, मूल तिच्या कडेवर. मी पुन्हा सगळं सांगितलं. पडद्यावर काय लिहिलेलं होतं, त्याचे दोन अर्थ कसे होतात, पेपर काढणे आणि पेपर काढून टाकणे. मी कागदावर चौकट काढूनसुद्धा दाखवली. काही लपवलं नाही.

मावशींच्या मुलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "मॅडम, तुम्ही आलात, बरं वाटलं. एवढं कोण करतं हो आजकाल. पण मी तो कागद वाचलाय, साहेबांनी दाखवला होता मला. तुमच्याच सहीचा. आईला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे बोलताय, ते कळतं आम्हाला."

मी म्हटलं, तो कागदच अर्धा आहे. त्याने मान हलवली, समजूत घालताना हलवतात तशी. सून आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकू लागली. मावशींनी नातवाकडे हात पुढे केले, तेव्हा तो झेपावलाही, पण बापाने मधेच त्याला स्वतःकडे घेतलं.

मावशींनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते, खरंच सांगतेय म्हणत होते. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवले आणि मुलाला म्हणाल्या, "पोर मनानं चांगली हाय रं."