डाव्या हाताचा घुमारा

मुरुमला आमच्या घरी सोमवारची कणीक नेहमी मूठभर जास्त मळतात. ती मूठ पखवाजाची. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापल्याशिवाय त्यातून घुमारा निघत नाही, आणि बिनघुमाऱ्याचा पखवाज म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या भाषेत रिकामा डबा. सासऱ्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. महादेवाच्या देवळातल्या सोमवारच्या भजनाला वर्षानुवर्षं त्यांचाच पखवाज. नवी नवरी होते तेव्हा पहिल्याच सोमवारी माझ्या परातीतला गोळा गायब झाला आणि मी दिवसभर शेजारच्या मांजराला शिव्या घातल्या होत्या.

गेल्या वर्षी आप्पांचा उजवा खांदा आखडला. हात कमरेच्या वर येईना. डॉक्टरांनी पखवाज बंद करायला सांगितलं आणि भजनी मंडळाने त्यांच्या जागी माझ्या नवऱ्याला बसवलं. घरात खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण आप्पांनी देवळात जायचंच सोडलं. "माझ्या जागी दुसरा बसलेला बघाय येऊ व्हय?" म्हणाले. हा दुसरा म्हणजे त्यांचा पोटचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला, भुसाराचं दुकान सांभाळणारा, लहानपणापासून त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

नवऱ्याची तऱ्हा वेगळीच. दुकानात हमालांवर डाफरणारा हा माणूस, पण आप्पा समोर बसले की त्याचा डावा हात लाकडासारखा होतो. म्हणून घरी तो वाजवतच नाही. सोमवारी देवळात फोनवर रेकॉर्डिंग करायचं, मंगळवारी सकाळी फोन आप्पांच्या उशाशी ठेवायचा आणि मला हळूच सांगायचं, "ऐकून काय म्हणत्यात बघ." सगळं गाव वाहवा करत होतं, पण ती त्याच्या अंगी लागत नव्हती. त्याला आप्पांच्या तोंडून एक शब्द हवा होता. आप्पा फोन कानाला लावत, भजन संपेपर्यंत ऐकत आणि म्हणत, "डावा हात मुका हाय." दाराआड उभा असलेला नवरा चहा तसाच टाकून दुकानाकडे निघायचा. बाप असा आणि लेक तसा. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

असे बरेच मंगळवार गेले. शेवटी माझंच डोकं फिरलं. त्याच फोनवर मी खांदा आखडण्याआधी भरून ठेवलेलं आप्पांचं स्वतःचं जुनं भजन लावलं आणि फोन कानाला धरला. नुसती टिकटिक ऐकू आली. डावा हात त्यांचाही मुकाच होता. म्हणजे खोट नवऱ्याच्या हातात नव्हती, फोनच्या नखाएवढ्या स्पीकरात होती. मी तशीच आप्पांकडे गेले आणि त्यांना त्यांचंच भजन ऐकवलं. त्यांनी क्षणभर विचार केला.

"त्या दिशी कणीक कमी पडली असंल," ते म्हणाले. "कणीक कोण मळलं हुतं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजारातल्या मोबाईलच्या दुकानात घेऊन गेले. चांगला बास असलेला बिनवायरचा हेडफोन दाखवा, म्हटलं. दुकानदाराने आधी कानात घालायची दोन बारकी बोंडं पुढे केली. आप्पांनी ती तळहातावर घेऊन निरखली आणि विचारलं, "ह्या हरभऱ्यात पखवाज मावतूय व्हय?" मग दुकानदाराने कान झाकणारे मोठे हेडफोन काढले आणि बास दाखवायचा म्हणून वरातीतलं एक गाणं लावलं. आप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. दुकानदार माझ्याकडे बघून हसला, त्याला विक्री झाली असंच वाटलं.

"ह्यो धक्का हाय," आप्पा डोळे उघडून म्हणाले. "घुमारा न्हाय. धक्का काय, बैल बी देतूय."

मग दुसरा जोड आला. त्याच्या कानावरच्या गादीवर आप्पांनी बोटाने टिचकी मारली, पखवाजावर मारतात तशी. "कातडं कशाचं?"

"फोम हाय आप्पा, वरनं रेक्झिन."

"तरीच."

तिसऱ्या जोडाला मात्र मी दुकानदाराचं गाणं लावूच दिलं नाही. आप्पांचं जुनं भजन लावलं. त्यांचा चेहरा सैल पडला, डावा हात मांडीवर आपोआप पडायला लागला. "ह्याचा डावा कान कंचा?" त्यांनी विचारलं आणि तो जोड गळ्यातून काढलाच नाही. घरी येताना मला वाटलं, आपलं घोडं गंगेत न्हालं.

कसलं न्हातंय. सकाळी पोळ्यांना बसले तर परातीतला गोळा पुन्हा गायब. बाहेर येऊन बघते तो आप्पा पलंगावर हेडफोन घालून बसलेले, आणि डाव्या कानाच्या बाहेरच्या बाजूला पुरीएवढी ओली कणीक थापलेली. मी कपाळाला हात लावला. "आप्पा, हे यंत्र आहे."

"यंत्र असलं तरी डावं अंग हाय न्हवं? लई फरक पडलाय. तू ऐकून बघ."

ऐकण्याआधी मी ती कणीक काढली. नखाने खरवडली, बटणाच्या फटीतली टाचणीने टोकरून काढली, आणि तोंडाने जे काही पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग नवऱ्याचं ताजं रेकॉर्डिंग लावून हेडफोन त्यांच्या कानावर चढवला. आज तो दाराआड नव्हता, दारातच उभा होता. आप्पांनी अख्खं भजन ऐकलं. घुमारा त्यांना ऐकू येत होता, हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. त्यांनी हेडफोन काढला.

"डावा हात बोलतूय," ते म्हणाले. नवरा एक पाऊल आत आला. "पर ह्यो हेडफोनचा डावा हात हाय. सकाळी म्या बातम्या लावल्या, ती बातम्या सांगणारी बाई बी ह्याच्यात असंच घुमत हुती."

नवरा तसाच मागे वळला. त्याचे पडलेले खांदे मला दिसले आणि माझा ताबा सुटला. सासऱ्यांपुढे आजवर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "फोन मुका, हेडफोन खोटा, मग खरं कशात ऐकणार तुम्ही? सोमवारी देवळात चला. जाग्यावर बसून तुमच्या कानांनी ऐका, आणि मग काय बोलायचं ते बोला." दोन दिवस आप्पा माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरते बोलले.

सोमवारी संध्याकाळी धोतर, टोपी, कपाळाला भस्म, अशा थाटात आप्पा दारात उभे. मी हेडफोन पुढे केला तर म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ दे."

देवळात ते मागच्या बाजूला, खांबाआड बसले. नवऱ्याला दिसू नये म्हणून तसं बसले असावेत. भजन सुरू झालं. मी बायकांत बसून एक डोळा आप्पांवर ठेवला होता. पहिलं भजन झालं, ते हलले नाहीत. दुसरं सुरू झालं आणि आप्पा उठले. आता हे निघून जाणार, आणि माझा नवरा पुन्हा कधी पखवाजाला हात लावणार नाही, असंच मला वाटलं.

आप्पा टाळांच्या टोपलीपाशी गेले. एक जोड उचलला आणि सगळ्यात मागच्या ओळीत बसले. आखडलेला हात वर जात नव्हता, म्हणून मांडीवरच धरून त्यांनी टाळ वाजवायला सुरुवात केली. ज्यांच्या ठेक्यावर आजवर सगळ्या देवळाने टाळ धरला, ते आता लेकाच्या ठेक्याला धरून चालले होते. नवऱ्याने मान वर केली आणि त्याला ते दिसले. पण त्याचा हात लाकूड झाला नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

परत येताना तिघं चालत होतो. घर जवळ आल्यावर नवऱ्याने खाली बघत विचारलं, "आप्पा, डावा हात ऐकू आला का?"

आप्पा चालता चालता म्हणाले, "न्हाय तर टाळ कशाच्या जिवावर धरला असता म्या?"